प्लॅनिंग ऑफिसात बदल करताना काउंटरवरच्या माणसाला कोण विचारतं?

कुळागर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट आहे तोवर लिहून टाकतो.

मी गोव्यातल्या एका तालुक्याच्या नियोजन कार्यालयात डीलिंग हँड आहे, म्हणजे घर बांधायच्या, प्लॉट पाडायच्या, झोनिंगच्या (म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची त्याच्या) फायली माझ्या टेबलावरून पुढे जातात. कुठलं ऑफिस ते सांगणार नाही कारण कुणाची तक्रार करायला हा धागा काढलेला नाही, मला खरंच उत्तर हवंय. मागच्या काही वर्षांत आमच्याकडे तीन बदल एकाला लागून एक आले. अर्ज ऑनलाईन झाले, दोन शाखा मोडून एक केली, आणि त्याच सुमारास साहेब बदलले.

ऑनलाईन झालं त्याची गोष्ट सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी सर्क्युलर आलं आणि सोमवारी सकाळी काउंटरवर बोर्ड, कागदी अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. साडेदहाच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ आले, दोन बस बदलून, पिशवीत एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाची ते दाखवणारा), सर्व्हे प्लॅन, सनदेची (जमीन बिगरशेती केल्याच्या दाखल्याची) झेरॉक्स आणि काखेत प्लॅनची गुंडाळी. मुलाला मागच्या बाजूला दोन खोल्या काढून द्यायच्या होत्या. मी म्हटलं आजोबा आता हे ऑनलाईन करायचं, आर्किटेक्टकडून. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मागीर तुमी हांगा कित्याक बसल्यात?" मग तुम्ही इथे कशाला बसलात? चिडून नाही हो, अगदी साधेपणाने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आम्हालासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं की आता आमचं काम नेमकं काय. पूर्वी फाईल हातात आली की उभ्या उभ्या चाळून सांगायचो, हे कमी आहे, ते घेऊन या. ते काम गेलं. त्याच्या जागी काय आलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

झालं काय, तर काउंटरवर जी चूक दोन मिनिटांत कळायची ती आता तीन आठवड्यांनी क्वेरी बनून बाहेर पडायला लागली. क्वेरीचं उत्तर आलं की दुसरी क्वेरी. माणूस तरी ऑफिसात यायचा तो येतच राहिला, फक्त आता तो हातात काही नसताना येतो, "माझं कुठं अडकलंय" एवढं विचारायला. आमचा अर्धा दिवस त्यातच जातो.

नवीन साहेब आले त्यांनी एक चांगलं केलं. एका आठवड्यात परत गेलेल्या सगळ्या फायली काढल्या, आम्हा पाच जणांना बसवलं आणि कारणांप्रमाणे गठ्ठे लावायला सांगितलं. मला वाटलं होतं वीस-पंचवीस कारणं निघतील. मोठे गठ्ठे तीनच झाले. सनदेतलं क्षेत्रफळ एक आणि प्लॅनवरचं दुसरं. सर्व्हे प्लॅन जुना, मधे वाटण्या होऊन सब-डिव्हिजन पडलेली पण उताऱ्याशी मेळ नाही. आणि जाण्याचा रस्ता किती मीटर रुंद ते दाखवलेलंच नाही. मग आम्ही एक पान तयार केलं, साध्या मराठीत आणि कोकणीत, ते काउंटरला लावलं आणि आर्किटेक्ट लोकांच्या ग्रुपवर टाकलं. फरक पडला, दोनेक महिन्यांत जाणवण्याइतका पडला. आणि मग साहेबांची बदली झाली. नंतर ऑफिसला रंग काढला तेव्हा ते पान भिंतीवरून उतरलं ते परत लागलंच नाही.

तर विचारायचं ते हे. माणसाबरोबर बदल येतो आणि माणसाबरोबरच जातो, असं होऊ नये म्हणून काय करता येतं? पंचायतीत, नगरपालिकेत, पीडीएत (नियोजन आणि विकास प्राधिकरणात), कुठेही काम केलेल्यांनी किंवा फाईल घेऊन फिरलेल्यांनी लिहा.

वाचनमात्र_पेडणे

वाचतेय. ते तीन गठ्ठे अगदी खरे आहेत, आमची फाईल दुसऱ्या गठ्ठ्यातली होती.

जुना_आरेखक

कुळागर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी याच खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सगळे म्हणतात की सरकारी कर्मचाऱ्याला बदल नको असतो. मी तसं म्हणणार नाही. आम्ही काय काय बघितलं ते आधी ऐका. नगरनियोजनाचा कायदा १९७४ चा, गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाचा. त्याखाली पहिला प्रादेशिक आराखडा झाला तो २००१ पर्यंतचा, १९८६ ला अधिसूचित. तेव्हा ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनने रेघ ओढायची, अमोनिया प्रिंट काढायची, त्या वासाने डोळे चुरचुरायचे, आणि मग प्रिंटवर हाताने रंग भरायचे. वर्षानुवर्षं आम्ही त्या नकाशावर काम केलं, तो आम्हाला पाठ होता. मग २०११ पर्यंतचा आराखडा २००६ ला अधिसूचित झाला. आम्ही नवीन नकाशे लावून घेतले, लोकांना नवीन झोन सांगायला सुरुवात केली. गावागावातून लोक उठले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला तो आराखडा मागे घेतला. लोक बरोबर होते असंच माझं मत तेव्हाही होतं. पण आमच्या टेबलावर काय झालं बघा, काढून ठेवलेले २००१ चे नकाशे परत बाहेर काढले.

मग २०२१ चा आराखडा. त्याच्या टास्क फोर्सवर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, नगररचनाकार एडगर रिबेरो यांच्यासारखी माणसं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम ते. गावाचे नकाशे पंचायतींना पाठवले, लोकांनी त्यावर पेनाने लिहून दिलं, इथे झर आहे, इथे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, हा बांध आहे, इथून पावसाचं पाणी उतरतं. मी स्वतः ते कागद उलगडून वाचलेत. कुणाच्या अक्षरात, कुणाच्या चुकीच्या स्पेलिंगमध्ये, पण माहिती अस्सल. तो आराखडा २०११ ला अधिसूचित झाला, २०१२ ला सरकार बदललं आणि तो स्थगित. २०१८ ला परत वापरात आला. त्याच वर्षी कायद्यात १६ब कलम घातलं. २०२३ ला १७ चं पोटकलम २, २०२४ ला ३९अ, सगळी झोन बदलायच्या वाटेची कलमं.

आता सांगा, तीस-पस्तीस वर्षांत हे सगळं बघितलेला माणूस नवीन सर्क्युलर आलं की काय करेल? थांबेल. सहा महिने वाट बघेल, टिकतंय का ते बघेल. त्याला आळस म्हणू नका, ते अनुभवाने आलेलं शहाणपण आहे. घाईने बदललेला माणूस प्रत्येक वेळी तोंडघशी पडला आणि थांबलेला वाचला. तुम्हाला ऑफिसातली माणसं हलवायची असतील तर आधी त्यांना हे पटायला हवं की या वेळचा बदल उद्या उलटा फिरणार नाही. आणि ते कोण छातीवर हात ठेवून सांगू शकतं? कुठला साहेब सांगू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की कायदा, झोन, आराखडा हे वरच्यांचं वरच्यांवर सोडा. त्याच्या खाली ऑफिसचं जे रोजचं काम आहे, फाईल कशी घ्यायची, काय तपासायचं, का परत पाठवायची, ते कुठलाही आराखडा असला तरी तसंच राहतं. तिथला बदल टिकतो कारण तो कुणी उलटा फिरवायला येत नाही. तुमचं ते पान त्यातलंच होतं.

साष्टीकर_आर्किटेक्ट

आरेखककाकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण मला दुसरी बाजूही मांडायची आहे, राग मानू नका.

मी मडगावात प्रॅक्टिस करते. इमारत बांधकामाची नियमावली २०१० ची, अख्ख्या राज्याला एकच. असं असताना एकाच प्रकारचा प्लॅन एका तालुक्यात सरळ पास होतो आणि दुसऱ्या तालुक्यात त्यावर चार क्वेरी निघतात. कारण प्रत्येक टेबलाची स्वतःची यादी आहे आणि ती डोक्यात आहे, कागदावर नाही. क्वेरी एकदम का काढत नाहीत हा माझा जुना प्रश्न. आज पायऱ्यांची, पंधरा दिवसांनी कंपाऊंड वॉलची, त्यानंतर झाडांची. तिन्ही पहिल्याच दिवशी दिसत होत्या ना? आणि टेबल बदललं की ज्यावर आधी काही म्हणणं नव्हतं तेच परत उघडतं. क्लाएंटला वाटतं आर्किटेक्टच कामचुकार.

कुळागर, तुमच्या ऑफिसात ते पान परत लागलं नाही ते फक्त रंगाऱ्यामुळे नाही. काही लोकांना ते पान नकोच असतं. यादी भिंतीवर लागली की माणसाला आत जाऊन कुणाला भेटायची गरज उरत नाही. डोक्यातली माहिती म्हणजे वजन. हे सगळ्यांना लागू नाही, माझ्या ओळखीत फार प्रामाणिक डीलिंग हँड आहेत. पण हे बोलल्याशिवाय बदलाची चर्चा अर्धवट राहील.

कुळागर

ताई, राग अजिबात नाही. खरं आहे ते. माझ्याच शाखेत एक जण त्या गठ्ठ्यांच्या दिवशी दिवसभर गप्प बसून होता, मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

पण क्वेरी एकदम का निघत नाहीत त्याचं एक कारण आतून सांगतो. फाईल तीन हातांतून जाते आणि प्रत्येक जण आपापल्या भागापुरता बघतो. पहिल्याला क्षेत्रफळात चूक दिसली की तो तिथेच थांबवून परत पाठवतो, पुढच्या दोघांनी ती फाईल बघितलेलीच नसते. त्यांना ती दिसते ती पहिली चूक सुधारून आल्यावर. कुणाचं वाईट मनात नसतानाही तीन क्वेरी होतात. आणि वरून आमचं मोजमाप काय, तर किती फायली "निकालात" काढल्या. क्वेरी लावली की फाईल आमच्या नावावरून जाते, म्हणजे काम झालं. मोजमापच असं आहे की क्वेरी लावणारा शहाणा ठरतो.

सत्तरीचा_सचिव

मी पंचायत सचिव. सत्तरीत आहे, मधे काही काळ दोन पंचायतींचा चार्ज होता, सोमवार-बुधवार इथे आणि मंगळवार-गुरुवार तिथे असं.

तुम्ही सगळे नियोजन खात्याच्या आतलं बोलताय, पण राज्यात १९१ पंचायती आहेत आणि त्यांच्या दारात हा बदल कसा पोचतो ते पण बघा. पोचतो तो लोकांच्या तोंडून. कुणीतरी मोबाईलवर पीडीएफ दाखवतो आणि म्हणतो साहेबांनी मंजुरी दिली, आता लायसन्स द्या. त्यावर डिजिटल सही, शिक्का नाही. माझं पंचायत मंडळ म्हणतं शिक्का नसलेला कागद आम्ही मानत नाही, आणि अर्जदार म्हणतो आता हेच चालतं. दोघंही खरे. मला याचं ट्रेनिंग कुणी दिलं नाही, मी दुसऱ्या सचिवाला फोन करून शिकलो. पंचायत राज कायद्याच्या ६६ कलमाप्रमाणे परवानगीचा निर्णय तीस दिवसांत कळवला नाही तर अर्जदार उपसंचालकाकडे अपिलात जाऊ शकतो. म्हणजे गोंधळ वरचा, पण घड्याळ माझ्या टेबलावर चालू.

आणि ग्रामसभा. रविवारी सकाळी देवळाच्या बाजूच्या हॉलमध्ये लोक येतात आणि विचारतात, अमक्या सर्व्हे नंबरचा झोन कुणी बदलला? १७(२) खाली एकेका प्लॉटचे झोन बदलायला लागले तेव्हा मला ते वर्तमानपत्रात वाचून कळायचं, गावकऱ्यांना पण तसंच. मी काय सांगणार? लोकांना वाटायचं सेक्रेटरी लपवतोय. मार्च २०२५ ला हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले तेव्हा परत तेच, आता आधी बदलले त्यांचं काय? ज्याच्याकडे अधिकार नाही त्याला उत्तरं द्यायला उभं करायचं, याने माणूस आतून मोडतो. मी अजून नोकरी आवडीने करतो पण ग्रामसभेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही.

माझी एकच मागणी. काहीही बदललं तरी ते आमच्यापर्यंत लोकांच्या आधी एक दिवस पोचावं. एकच दिवस.

म्हादयकाठ

सचिवसाहेब, नमस्कार तुम्हाला. आमच्या गावातल्या सचिवांना आम्ही काय काय बोललोय ते आठवलं.

फोंड्याची_लेक

मी मूळची फोंड्याची, गेली अनेक वर्षं इंग्लंडमध्ये एका काऊन्सिलच्या प्लॅनिंग विभागात काम करते. तुमचं वाचून गंमत वाटली, म्हणजे आश्चर्य वाटलं, की दुखणं किती सारखं आहे.

इथे बदल म्हणजे बहुतेक वेळा विलीनीकरण. १ एप्रिल २००९ ला इथल्या काही भागांत जिल्हा आणि परगणा (काऊंटी) अशा दोन थरांच्या काऊन्सिल मोडून एकच मोठी काऊन्सिल केली, कॉर्नवॉलमध्ये सहा जिल्हा काऊन्सिल आणि एक परगण्याची अशा सातांची एक झाली. डिसेंबर २०२४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनंतर उरलेल्या भागांतही तेच करायचं ठरलंय, त्यामुळे आमच्या ऑफिसात सध्या रोज हाच विषय. मी अशा एका जोडणीतून गेले आहे. तीन ऑफिसं, तीन प्रकारचे फॉर्म, तीन सवयी. पहिल्या वर्षी सगळी बैठकांची चर्चा कोण कुठे बसणार आणि कुणाचं पद काय यावर. अर्जदाराचा अर्ज कुठल्या टपालात पडतो ते कुणी बघितलंच नाही. आणि जुनी माणसं, ज्यांना स्वेच्छेने पैसे घेऊन जाता येत होतं, ती गेली. सगळ्यात आधी तीच गेली ज्यांना सगळं माहीत होतं. आरेखककाका, तुमच्यासारखी.

आता तुमच्या क्वेरीबद्दल. इथे अर्ज आला की आधी फक्त एवढंच बघतात की तो पूर्ण आहे की नाही, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. काय काय लागतं त्याची यादी काऊन्सिलने जाहीर करायची असते आणि दर दोन वर्षांनी ती तपासून घ्यायची असते. यादीत नाही ते सहसा मागता येत नाही. अर्ज पूर्ण आहे असं ठरलं की घड्याळ सुरू, लहान अर्जाला आठ आठवडे, मोठ्याला तेरा. कुळागर यांचं ते पान म्हणजे हीच यादी, फक्त त्याला कायद्याचा आधार नाही म्हणून ते रंगाबरोबर गेलं.

पण इथलं सगळं छान असं समजू नका. आठ आठवड्यांचं घड्याळ आलं तेव्हा लोकांनी घड्याळच सांभाळायला घेतलं. मुदत संपत आली की अर्जदाराला फोन, अर्ज मागे घ्या आणि परत भरा, किंवा मुदतवाढीला संमती द्या. आकडे सुंदर, घर तिथेच. मोजमाप चुकलं की माणसं मोजमापासाठी काम करतात, हे तुमच्या "निकालात" सारखंच.

आमच्या इथे एक गोष्ट उपयोगी पडली. एका वरिष्ठ बाईंनी दोन आठवडे प्रत्येक फोनची नोंद ठेवायला लावली, दोनच रकाने. एक, माणसाला नवीन काही हवंय. दोन, आपण आधी काहीतरी नीट केलं नाही म्हणून तो परत फोन करतोय. दुसऱ्या रकान्याला इथे एक नाव आहे, फेल्युअर डिमांड, मी त्याला आपल्या भाषेत "उलटं आलेलं काम" म्हणते. तो दुसरा रकाना इतका भरला की कुणाला काही समजावून सांगावंच लागलं नाही. लोकांना बदल पटला कारण तो त्यांच्याच हातच्या कागदावर दिसला. सल्लागारांच्या स्लाईडवर दिसला असता तर नसता पटला.

माजी_नगरसेविका

ताई छान लिहिलंत, पण तिथे आणि इथे एक मोठा फरक आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे परवानगी देणारं आणि लोकांना तोंड देणारं घर एकच आहे, काऊन्सिल. आपल्याकडे ७४वी घटनादुरुस्ती १९९२ ची, बाराव्या परिशिष्टात अठरा विषय, त्यातला अगदी पहिला नगरनियोजन. पण मी पाच वर्षं नगरपालिकेत होते, नियोजन आमच्या हातात कधी आलं नाही. शहराचा बाह्यविकास आराखडा पीडीए करणार, गावात तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खातं देणार, सनद जिल्हाधिकाऱ्याकडून, आरोग्याची एनओसी आरोग्य केंद्रातून, आणि शेवटी लायसन्स पालिका किंवा पंचायत देणार आणि शिव्या पण तीच खाणार.

आमच्याकडे संस्थात्मक बदल म्हणजे काय, तर नवीन प्राधिकरण काढायचं किंवा हद्द वाढवायची. ग्रेटर पणजी पीडीए झालं तेव्हा आजूबाजूची गावं त्यात घातली, २०१८ ला सांताक्रूझ, सांत आंद्रे भागातले लोक रस्त्यावर आले आणि गावं वगळावी लागली. मी तेव्हा त्या सभेला गेले होते. लोकांचा राग कागदावरच्या झोनवर जेवढा होता त्याहून जास्त "आम्हाला विचारलं का" यावर होता. धाग्याचं शीर्षक काउंटरवरच्या माणसाला कोण विचारतं असं आहे, मला त्यात गावातला माणूसही दिसतो. दोघांनाही सगळ्यात शेवटी कळतं.

साष्टीकर_आर्किटेक्ट

पूर्ण सहमत. पण अधिकार कुणाचे हा प्रश्न आपण इथे सोडवू शकत नाही, कुळागर यांचं पान सोडवू शकतो. मला तेवढ्यावरच बोलायचंय.

म्हादयकाठ

ताई, तेवढ्यावरच का? माझ्या भावाचं घर सांगतो. जुनं मातीचं, मागच्या पावसात एक भिंत बसली. अर्ज भरला, सगळं ऑनलाईन. स्टेटस बघितलं की "प्रक्रियेत". चार महिने तेच. कुठं अडकलं, कुणाला विचारायचं, काही नाही. शेवटी बाजारात एकाने नंबर दिला, म्हणाला हा माणूस करून देतो. आम्ही त्याला पैसे दिले नाहीत पण भाऊ देणार होता, वहिनी गरोदर होती, प्लास्टिकखाली किती दिवस काढणार. तुमच्या पानाने ते सुटलं असतं का मला माहीत नाही. पण एखादा माणूस फोन उचलून "तुमच्या सर्व्हे प्लॅनमध्ये हे कमी आहे" एवढं बोलला असता तर सुटलं असतं, कारण शेवटी तेवढंच कमी निघालं.

कुळागर

म्हादयकाठ, तुमचं वाचून गलबललं. भावाचं झालं ना आता?

तुम्ही जे सांगितलंत तेच मला इतके दिवस शब्दांत पकडता येत नव्हतं. काउंटर बंद केला तेव्हा आम्हाला वाटलं गर्दी कमी होईल. गर्दी कमी झाली नाही, ती बाजारातल्या त्या नंबराकडे गेली. आम्ही जे फुकट सांगायचो ते तो पैसे घेऊन सांगतो.

दोन दिवस विचार केला आणि ऑफिसात एकदोघांशी बोललो. ते पान परत करायचंच, पण या वेळी भिंतीवर लावायच्या आधी नस्तीत घालायचं. म्हणजे टिपण लिहून, वर पाठवून, कार्यालयीन आदेशाचा नंबर घेऊन. आदेश असला की नवीन साहेबांना तो रद्द करायला दुसरा आदेश काढावा लागेल, नुसता रंग काढून जाणार नाही. आणि चार्ज देताना जी यादी देतात त्यात तो आदेश यायलाच हवा. फोंड्याच्या ताईंचे दोन रकाने मी इनवर्ड रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आखलेत, सध्या मी एकटाच भरतोय. आज दुपारपर्यंत दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब गेला.

आरेखककाका, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या ड्राफ्ट्समनची निवृत्ती आलीये, शेवटचे दोन महिने. त्यांना कुठल्या वाड्यावरचा कुठला सर्व्हे नंबर नकाशावर एका जागी आणि जमिनीवर दुसऱ्या जागी आहे ते सगळं तोंडपाठ. ते लिहून घ्यायचं कसं? त्यांना लिहा म्हटलं की ते म्हणतात काय लिहू, सगळं तर नकाशावर आहे.

जुना_आरेखक

लिहायला सांगू नका, तो कधीच लिहिणार नाही. मीही लिहिलं नसतं. आम्ही लोक वाक्यात विचार करत नाही.

त्याच्यासमोर नकाशा पसरा आणि बाजूला नवीन पोरगा बसवा. आणि परत गेलेली फाईल हातात द्या, एकावेळी एकच. तो आपोआप बोलायला लागेल, "हा बघ, हा नंबर इथे दिसतो पण पूर्वी हा बांध इकडे होता". पोराने तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि मागे तारीख घालून एक ओळ लिहायची. रोज अर्धा तास. दोन महिन्यांत अख्खा तालुका होत नाही, पण जिथे फायली जास्त येतात ती दहाबारा गावं होतात. मोबाईलवर रेकॉर्ड करा असं कुणी म्हणेल, ते करू नका, रेकॉर्डिंग चालू झालं की माणूस सावध होतो आणि पुस्तकी बोलतो.

एक जपा. तो सांगेल ते सगळं बरोबर असेलच असं नाही. आमच्याही चुका असतात, वर्षानुवर्षं चुकीचंच पाठ असतं. म्हणून खूण पेन्सिलीची. सर्व्हे खात्याच्या रेकॉर्डशी ताडून मगच शाईने.

सत्तरीचा_सचिव

ते पान तयार झालं की मला पाठवाल का? आदेशाचा नंबर नसला तरी चालेल, मी ग्रामसभेत वाचून दाखवतो. आणि त्यात एक ओळ आमच्याकडून घाला, डिजिटल सहीचा कागद पंचायतीने कसा पडताळायचा ती. अजून तीन सचिव विचारतायत.

फोंड्याची_लेक

कुळागर, रकाने एकट्याने भरू नका. तुम्ही भरलेत तर तो तुमचा कागद होईल. जो त्या दिवशी गप्प बसला होता त्याला द्या, एक आठवडा तो भरू दे.

कुळागर

हे मला सुचलंच नव्हतं. उद्या देतो त्याला. नाही म्हणाला तर नाही, पण विचारतो.

सचिवसाहेब, पान नक्की पाठवतो, डिजिटल सहीची ओळ तुम्हीच लिहून द्या, तुम्हाला लोक काय विचारतात ते आम्हाला माहीत नाही. साष्टीकर ताई, कच्चं पान आधी तुम्हाला दाखवतो, आर्किटेक्टच्या नजरेने काय राहिलंय ते बघा, आणि तिघांनी एकदम बघून एकच क्वेरी काढायची हे पण टिपणात घालतोय, पास होईल की नाही बघू.

म्हादयकाठ

भावाचं झालं. भिंत उभी राहिली, चवथीला गणपती घरातच बसणार यंदा. पानात एक फोन नंबर पण घाला, जमलं तर.

कुळागर

फोन नंबराचं टिपण वेगळं करावं लागेल, फोनवर कुणी बसायचं तेही ठरवावं लागेल. पण घालतो. चवथ झाली की पहिल्या सोमवारी फाईल वर जाईल, इथे येऊन सांगतो.